दलालाचं मत

जमिनीच्या दलालाकडं जमीन साठत नाही, किस्से साठतात. सौदा झाला की घेणारा जमिनीकडं बघत राहतो, विकणारा तोंड फिरवून निघून जातो, आणि मधला माणूस मधेच उभा राहतो. कमिशन हातात येतं तसं खर्चूनही जातं. मागं राहतं ते कोण काय बोललं आणि कुणी आपल्याकडं कसं पाहिलं. असे किस्से माझ्याकडं पोत्यानं आहेत.

हल्ली धंद्यातली नवी मंडळी भेटतात. त्यांची ऑफिसं आहेत, दारावर पाट्या आहेत. ती म्हणतात, "मास्तर, निवडणुकीशी आपल्याला काय करायचंय? कुणीही येऊ दे, आपल्याला प्लॉट विकायचेत." तेव्हा मला त्या पोत्याच्या तळाशी दडपून ठेवलेले किस्से आठवतात. ते मी सहसा बाहेर काढत नाही, कारण त्यात आम्ही कुणीच शोभून दिसत नाही. पण आता विषय निघालाच आहे, तर ऐका.

सदतीस सालच्या आसपासची गोष्ट. बारामती स्टेशनाबाहेर एक चहाचं दुकान होतं. दौंडहून छोटी गाडी आली की तिच्यातून उतरणारा प्रत्येक परका माणूस त्या दुकानासमोरून जायचा. म्हणून आमची बैठक तिथं. आम्ही चौघं होतो. मल्हारराव सगळ्यांत वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. केशवशेठ आधी गुळाच्या अडतीवर होता, तिथून जमिनीत आला. रघुतात्यानं सर्व्हेवाल्यांची साखळी ओढत अर्धा तालुका पायाखाली घातलेला. आणि चौथा मी. मॅट्रिक पास म्हणून मला मास्तर म्हणायचे. शाळेत मी कधी शिकवलं नाही, खरेदीखतं तेवढी वाचून दाखवायचो.

* * *

आबांचा नियम एकच होता. "जमीन कुणाचीबी असू द्या, आपली बाजू कुणाचीच न्हाय."

त्या दिवसांत घराघरांत बाजू पडल्या होत्या. कुणी खादीची पांढरी टोपी घालणारा, तर कुणी पागोटं बांधून सरकारच्या बाजूचा. आबांच्या टांग्यात दोन्हींची सोय असायची. पांढरी टोपी खिशात आणि बांधलेलं पागोटं बसायच्या फळीखाली. घर बघून आबा डोकं बदलायचे.

एकदा सकाळी एका खादीवाल्याकडं बोलणी झाली. तिथून आम्ही माळेगावला निघालो, एका पेन्शनर फौजदारांकडं. रस्ता खडबडीत, टांगा उडत होता. आबांनी घाईघाईत पागोटं चढवलं, पण आतली टोपी काढायची राहून गेली. पागोट्याखालून तिची पांढरी कड कपाळावर आलेली. मी शेजारीच बसलो होतो, पण माझंही लक्ष गेलं नाही.

फौजदारांनी काहीच दाखवलं नाही. चहा दिला, जमिनीचं सगळं नीट ऐकून घेतलं, सोडायला दारापर्यंत आले. आबा टांग्यात चढत होते, तेव्हा फौजदार म्हणाले, "मल्हारराव, इकाया जमिनी लई असतील तुमच्याकडं. डोस्कं एकच हाय न्हवं?"

आबांनी कपाळाला हात लावला आणि त्यांना कळलं. मी हसलो नाही. माझ्या पिशवीतही दोन्हीकडच्या दोन टोप्या होत्या.

* * *

पुढं मुंबईच्या असेंब्लीची निवडणूक ठरली. तेव्हा आतासारखं सगळ्यांना मत नव्हतं. जमिनीचा ठराविक सारा भरणाऱ्याला मत, मॅट्रिक झालेल्याला मत, पलटणीतून पेन्शन घेतलेल्याला मत. आम्हा चौघांनाही मत होतं. तिघांना जमिनीमुळं आणि मला मॅट्रिकमुळं.

याद्या झाल्या, चावडीवर लागल्या, आणि केशवशेठची जेवणावरची वासना उडाली. त्याचं म्हणणं असं, की सरकारच्या कागदावर नाव आलं की मागोमाग काहीतरी मागणी येतेच. आज मत मागतील, उद्या वर्गणी मागतील, परवा विचारतील इतक्या सौद्यांचं काय काय केलंस. शिवाय मत दिलं नाही तरी यादीत नाव बघून दोन्हीकडचे दारात येणार.

म्हणून तो तलाठ्याकडं गेला. मलाही बरोबर नेलं, अर्जाची भाषा सांगायला. तलाठी भला माणूस. त्याला वाटलं, नाव राहून गेलंय म्हणून आलेत. तो म्हणाला, "शेठ, काळजी नको. तुमचं नाव आहे. मी स्वतः पाहिलंय."

केशवशेठ म्हणाला, "ते काढायचंय."

तलाठ्यानं लेखणी खाली ठेवली. कचेरीत आणखी माणसं होती. त्यांतली निम्मीअधिक आपलं नाव घाला म्हणून सांगायला आलेली. एकजण तर सारा थोडक्यासाठी कमी पडतो म्हणून बांधावरच्या पडीक तुकड्याचाही सारा धरा असं विनवत होता. ती सगळी माणसं केशवशेठकडं वळून बघायला लागली.

तलाठी सावकाश म्हणाला, "शेठ, माणूस गेला की त्याचे वारस येतात नाव काढायला. स्वतःच्या पायांनी आलेले तुम्हीच पहिले."

नाव काही निघालं नाही. बाहेर येताना केशवशेठनं धोतराचा सोगा तोंडावर घेतला होता, धूळ उडत नसतानासुद्धा.

* * *

निवडणुकीला दोघे उभे होते. एक इंदापूरकडचे इनामदार, मोठी शेती, मोठं घराणं. दुसरे इंदापूर कोर्टात वकिली करणारे एक खादीवाले. त्यांना आम्ही वकीलसाहेबच म्हणायचो.

वकीलसाहेब एका दुपारी आमच्या दुकानात आले. एकटेच, सायकलीवरून. चहा मागवला आणि सरळ विषयाला हात घातला. "आबा, पळसदेवच्या अलीकडच्या वाडीत तुम्ही जिराईत जमिनी विकता. घेणाऱ्याला काय सांगता?"

आबा म्हणाले, "म्हंजी?"

"म्हणजे तिथं नदी लांबून दिसते, पण पाणी चढत नाही. विहिरीला खडक लागतो. मग माणूस काय बघून जमीन घेतो?"

आबा म्हणाले, "कॅनॉलचा फाटा येणार हाय की तितं."

"कोण आणणार?"

"सरकार."

"ते सरकार कोण ठरवणार?"

रघुतात्या बशीतला चहा फुंकत राहिला.

वकीलसाहेब म्हणाले, "बघा, तुम्ही जे विकता ते सगळं सरकारच्या हातातलं. पाणी सरकारचं, रस्ता सरकारचा, मोजणी सरकारची. तुमची स्वतःची फक्त जीभ. मग सरकार निवडायच्या दिवशी ही जीभ कुठं जाते? मला मत द्या असं म्हणत नाही. कुणाला तरी द्या. फाटा आणणार का, एवढं तरी दोघांनाही विचारा. चार दलाल विचारतायत म्हटलं की उमेदवाराला उत्तर द्यावं लागतं."

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. पण आबांना आपला नियम सोडायचा नव्हता. ते हसून म्हणाले, "वकीलसाहेब, आमी आपलं शिवंवरच्या दगडावानी. ह्या गावाला बी चालतो, त्या गावाला बी चालतो."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "आबा, शिवेवरच्या दगडाचा उपयोग माणसांपेक्षा कुत्र्यांना जास्त होतो."

त्यांनी आमच्याही चहाचे पैसे दिले आणि सायकलीवर बसून गेले. दुकानवाला उगाचच फडक्यानं तेच टेबल पुसत राहिला. त्यानं आमच्याकडं वर बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

* * *

मतदानाच्या दिवशी बारामतीत राहायचं नाही, असं आबांनी ठरवलं. राहिलं तर कुणीतरी हात धरून नेणार. पळसदेवच्या अलीकडच्या त्याच वाडीत एक जमीन बघायची बाकी होती, तीच सबब झाली. रघुतात्या पोट दुखतंय म्हणून घरी राहिला. आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं भिगवणवरून निघालो.

सडकेवर बैलगाड्यांची रांग लागली होती, सगळ्या समोरून येणाऱ्या. गाड्यांत माणसं दाटीनं बसलेली, धुतलेली धोतरं, काही बायकासुद्धा. जत्रेला चालल्यासारखी. आमची मोटार तेवढी उलट्या दिशेनं. गाडीवाले हात करून विचारत होते, "कुठं निघाला? मतं हिकडं हायती." मोटारवाल्यानं पहिल्यांदा उत्तर दिलं, मग देईनासा झाला.

वाडीत पोचलो तर वाडी ओस. दारं नुसती लोटलेली, कुत्री सावलीत. जमीन दाखवणारा मालक मत द्यायला गेलेला. शेत कुठलं हे सांगायलासुद्धा माणूस नाही. शेवटी एका लिंबाखाली म्हातारा दिसला, शेळ्या राखत बसलेला. म्हणाला, समदी सांच्याला येतील, बसा.

बसलो. ऊन चढलं. आमच्याजवळ खायला काही नव्हतं. वाडीत आपल्याला कोणीतरी जेवायला घालेलच या हिशेबानं आलेलो. म्हाताऱ्यानं आमची तोंडं बघितली, फडकं सोडलं, भाकरी आणि ठेचा मधे ठेवला.

भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "मला जमीन न्हाय, म्हून मत न्हाय. सकाळधरनं लई वंगाळ वाटाय लागलंय. समदा गाव गेला आन मी शेरडांत." मग आमच्या कोटांकडं, आबांच्या हातातल्या छत्रीकडं बघून त्यानं विचारलं, "तुमास्नी बी न्हाय व्हय मत?"

आबांनी घास गिळला. केशवशेठ माझ्याकडं बघायला लागला.

"न्हाय," आबा म्हणाले.

म्हाताऱ्याला आमची खरोखर कीव आली. त्यानं उरलेली भाकरीही आमच्याकडं सरकवली. "खावा, खावा. मंग आपलं सारकंच हाय."

ती भाकरी आम्ही खाल्ली. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

* * *

दुसऱ्या दिवशी बैठकीत चहाचा दुकानवाला सहज बोलून गेला, "तात्या काल बराच येळ मताच्या रांगंत व्हते. ऊन लागलं असंल."

सगळ्यांनी रघुतात्याकडं बघितलं. पोटदुखीचा माणूस शाळेच्या आवारात, रांगेत.

आता बघा, चोरी कुणाची? ज्यानं मत दिलं त्याची. आमच्या बैठकीत तोच आरोपी झाला. केशवशेठ म्हणाला, "आपलं ठरलं व्हतं. उद्या इनामदारांच्या माणसांनी इचारलं तर आमी काय सांगायचं?" आबा म्हणाले, "एकाचं नाव झालं की चौघांचं होतं, तात्या." मी मॅट्रिक पास, कायदा वाचलेला. मत कुणाला दिलं ते कुणाला कळत नसतं, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो, आणि तो गप्पपणा आबांच्या बाजूला धरला गेला.

रघुतात्या मान खाली घालून बसला होता. मोठा राकट माणूस, साखळी ओढून तळहात लाकडासारखे झालेले. म्हणाला, "माजा बाप साऱ्याचा एक एक पैसा येळंवर भरत गेला, पर त्याला कंदी मत नव्हतं. त्याचा सारा कमी पडायचा. यंदा माजं नाव लागलं. म्हणलं, एकडाव आत जाऊन बघावं, कसं असतं."

मी विचारलं, "कसं होतं?"

तो म्हणाला, "तितं साहेबानं माजं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट."

पण आबांचा चेहरा अजून घट्टच होता. रघुतात्यानं तो पाहिला आणि हात जोडले. "चुकलं माजं. पुन्यांदा देनार न्हाय."

आणि आम्ही त्याला माफ केलं.

* * *

निवडून इनामदार आले. वकीलसाहेब पडले, तेही थोडक्यात पडले असं म्हणत.

पुढं इरिगेशनचे एक मोठे इंजिनिअर साहेब इंदापूरच्या बंगल्यावर येणार असं कळलं. कॅनॉलचा नवा फाटा कुठून काढायचा, त्याबद्दल लोकांचं ऐकून घेणार. बरोबर इनामदार, मेंबर म्हणून. आबांनी ठरवलं, आता मात्र जायचं. वाडीत इतक्या जणांना जमिनी विकल्या आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द घालायचे. आबांनी ते आठवडाभर पाठ केले होते. आम्ही चौघंही गेलो.

बंगल्याच्या फाटकावर चपराशी उभा. बागाईतदार डाव्या बाजूला, गुळाचे व्यापारी उजव्या बाजूला, गावोगावचे पाटील मधे. प्रत्येकाचं कुणीतरी बोलणारं ठरलेलं. निवडणुकीच्या वेळी जे जे उमेदवाराच्या दारात गेले होते, ते सगळे आत.

चपराशानं विचारलं, "आपण कुणापैकी?"

आबा म्हणाले, "जमिनीच्या कामातले."

"म्हणजे बागाईतदार?"

"न्हाय."

"पाटील?"

"न्हाय. आमी सौदे जमवतो."

चपराशाला हा प्रकार कुठं बसवायचा ते समजेना. त्यानं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत येऊन अगदी अदबीनं म्हणाला, "दलाल मंडळींनी मोटारींपाशी थांबावं."

मोटारी चिंचेच्या झाडाखाली होत्या. आत बोलणी चालली होती, आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आबा तोंडातल्या तोंडात आपले दोन शब्द म्हणत होते. एक ड्रायव्हर बिडी ओढत आमच्याजवळ आला, थोडं सरकून आम्हाला सावलीत जागा दिली आणि विचारलं, "तुमी कुणाची गाडी आनली?"

* * *

फाटा वाडीकडं आला नाही. पाहणीच्या खुणा इनामदारांच्या गावांच्या बाजूनं लागल्या. त्या बाजूच्या लोकांनी इनामदारांना धरून माणसं नेली, अर्ज केले, जाऊन बसले. हे त्यांनी चोरून केलं असं कुणी म्हणणार नाही. उघड्यावर केलं. आमच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, एवढंच.

ही बातमी आली त्याच आठवड्यात दत्तोबा बारामतीला आला. दत्तोबा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला गडी. त्यानं आबांच्या शब्दावर वाडीत जमीन घेतली होती. आबांनी त्याला शेताच्या कडेला उभं करून हातानं दाखवलं होतं, फाटा हितनं येणार, चारी हितनं निघणार. मी तिथं होतो. आबांचा हात असा फिरला होता की क्षणभर मलाही पाणी दिसलं होतं. त्यानंतर दत्तोबानं विहीर खणली, खडक लागला. पुन्हा खणली, पुन्हा खडक. तो म्हणायचा, फाटा आल्यावर बघू.

तो दुकानात आला, आबांच्या समोर बसला. आम्हाला वाटलं, आता गळा धरतो. आबांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा आला.

मग दत्तोबा म्हणाला, "आबा, फाटा गेला तिकडं."

"व्हय बाबा. ऐकलं."

"ते जाऊ द्या. सरकारचं काम हाय, हिकडं तिकडं हुतं. म्या मत दिलं व्हतं फाट्यापायी. वकीलसाहेबास्नी इचारून दिलं. पडलं वाया. ते बी जाऊ द्या." त्यानं आबांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "तुमी कुणाला दिलं?"

आबांनी पलीकडं स्टेशनाकडं बघितलं. तिकडून कुणीही उतरत नव्हतं.

"म्या न्हाय दिलं," आबा म्हणाले.

"कुणालाच?"

"कुणालाच न्हाय."

दत्तोबाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. इनामदारांना दिलं असं आबा म्हणाले असते तर तो भांडला असता, आणि भांडून मोकळा झाला असता. तो नुसता बघत राहिला. एखादा अनोळखी माणूस बघावा तसा. मग त्यानं चहाची बशी तशीच मागं सरकवली. चहाला त्यानं तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

उठता उठता त्यानं विचारलं, "मंग मला इकलं काय तुमी?"

* * *

आबा बैठकीत येईनासे झाले. बोलावलं तर म्हणायचे, बरं वाटत न्हाय. जमीन घेणारी एखादी पार्टी आली तर आमच्याकडं पाठवायचे. स्वतः कुणालाही जमीन दाखवायला गेले नाहीत.

पुढं इनामदार अचानक वारले आणि त्या जागेसाठी पुन्हा मतदान ठरलं. एका बाजूनं इनामदारांचे एक पुतणे, दुसऱ्या बाजूनं पुन्हा वकीलसाहेब. एके सकाळी आबा माझ्या दारात उभे. म्हणाले, "मास्तर, वाडीला जायचं. तुमी चला. मला एकट्याला जमायचं न्हाय."

आम्ही पोचलो तेव्हा वाडीची माणसं चावडीत जमलेली होती. आबांनी आधी निरोप पाठवला होता. सगळ्यांना वाटलं, आबा कुणाचा तरी प्रचार करायला आले. वकीलसाहेबांचा म्हणून कुणी, पुतण्यांचा म्हणून कुणी. दत्तोबा मागच्या भिंतीला टेकून बसला होता. त्यानं रामराम घातला नाही.

वाडीचे पाटील म्हणाले, "बोला आबा."

आबा उभे राहिले. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप सुरू झालं. "ही वाडी म्हंजी कशी, पूर्वेला वढा, पच्चिमेला सडक, आन वरल्या अंगानं..."

थांबले. हात वर गेलेला, तो तसाच राहिला.

कुणीतरी विचारलं, "वरल्या अंगानं काय?"

आबांनी हात खाली घेतला. "वरल्या अंगानं काय न्हाय. फाटा येईल का न्हाय, मला ठावं न्हाय. मला कवाच ठावं नव्हतं."

पाटलांनी घसा खाकरला. "मंग आबा, मत कशाच्या जोरावर मागता?"

"मत मागाया न्हाय आलो," आबा म्हणाले. "मला एक मत हाय. आजवर म्या कुणाला दिलं न्हाय. ते कुणाला देऊ, ते तुमास्नी इचाराया आलो."

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं आणि एकच गलका झाला. एकजण म्हणाला वकीलसाहेबांना द्या. दुसरा म्हणाला, पडणाऱ्या माणसाला देऊन उपेग काय, पुतण्यांना द्या आन त्यांच्याकडनं लिहून घ्या. तिसरा म्हणाला, आधी दोघांना हितं बोलवा. आवाज चढले, जुनी भांडणं निघाली, कुणाची गाय कुणाच्या रानात गेली होती तेही निघालं. आबा मधे उभेच होते. त्यांचा गावाला विसर पडला.

पाटलांची म्हातारी आई चावडीच्या दारात येऊन उभी होती. तिनं बराच वेळ ऐकलं, मग पायरीवर काठी आपटली. "आरं, गप बसा की. आपापलंच काय लावलंय? त्या मानसाला इचारा, त्याला काय पायजे."

गलका थांबला. सगळ्यांनी आबांकडं बघितलं.

आबांचे ओठ सुकले होते. जन्मभर त्यांनी घेणाऱ्याला काय हवं ते विकणाऱ्याला सांगितलं होतं, आणि विकणाऱ्याला काय हवं ते घेणाऱ्याला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"पाणी," ते म्हणाले.

मग मागच्या भिंतीपासून दत्तोबा उठला आणि बाहेर गेला. त्या दिवसांत वाडीतल्या बायका पाणी आणायला शेजारच्या गावी जायच्या. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता.

आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानंच, एक थेंब न सांडता, शेवटपर्यंत प्यायला.